खिडक्या दोन, खाते एक

परवा सकाळी चहाच्या आधी तक्रार आली. "अहो, माझी पानं कुठं गेली?"

आमच्या घरात संगणक एकच. त्यावर माझी कादंबरी चालते आणि सौ.चे वाचन. मुलाने त्यात नवा ब्राउझर घालून दिला आहे. एक खिडकी माझी, एक तिची. पण टॅब दोन्हींत तेच. एकीत उघडलेले पान दुसरीत हजर, एकीत मिटले की दुसरीतूनही नाहीसे. बँकेतल्या चौतीस वर्षांच्या सवयीने मी रात्री सारे आवरून उठतो. आदल्या रात्री दिसतील ते टॅब न वाचताच मिटवले होते.

कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की मिटलेला टॅब परत येतो, एवढे मला ठाऊक होते. मी दाबत गेलो, पाने उगवत गेली. आधी डिंकाचे लाडू. मग 'साठीनंतरचा विसराळूपणा'. मग आणखी एक तसेच. मग मेंदूविकारतज्ज्ञाच्या भेटीच्या वेळा.

"हे कुणासाठी?" मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलात."

२००६ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या सातव्या आवृत्तीत टॅब आले, तेव्हा प्रत्येक खिडकीचे टॅब वेगळे असत. बहुतेक ब्राउझरांत आजही तसेच आहे. सर्व खिडक्यांना टॅबची एकच यादी, ही कल्पना गेल्या काही वर्षांतली. एकट्या माणसाला ती सोयीची. कुठल्या खिडकीत काय ठेवले ते शोधत बसावे लागत नाही. दोघांच्या घरात मात्र तिचे संयुक्त खाते होते.

आणि संयुक्त खाते उघडताना बँक आधी विचारते: व्यवहार कसा करणार? दोघांच्या सह्यांनी, की दोघांपैकी कोणीही? हे लिहून घेतल्याशिवाय आम्ही फॉर्म पुढे सरकवत नसू. ब्राउझरनेही हे विचारायला हवे. तो विचारत नसेल, तर घरातल्यांनी एकमेकांना विचारावे. प्रत्येकासाठी वेगळे प्रोफाइल करण्याची सोय बहुतेक ब्राउझरांत असते. ते पाच मिनिटांचे काम आहे. नवराबायकोतही एखादी काळजी, बोलायचे धैर्य येईपर्यंत, आपल्याजवळ ठेवण्याचा हक्क असतो. माझ्या आवराआवरीने सौ.चा तो हक्क हिरावला.

तुम्ही म्हणाल, पण त्यामुळेच तर कळले! खरे आहे. तरी ते मला तिच्याकडून, तिच्या वेळेने कळायला हवे होते.

आता आमची प्रोफाइल वेगळी आहेत. एक पान तेवढे दोन्हीकडे उघडे ठेवले आहे. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. दोघेही जाणार आहोत. गॅस बंद आहे ना, ते दोघांनीही पाहून.