मोह, माप आणि महसूल

फाल्गुन सरून चैत्र लागला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर मोह गळू लागतो. झाडाखालची जागा आधी झाडून ठेवायची, रात्रभर गळालेली फुले पहाटे वेचायची आणि अंगणात वाळवून घरात साठवायची, हा वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. या फुलांचे पुढे काय व्हावे याचा निर्णय मात्र गेली सव्वाशेहून अधिक वर्षे त्या कुटुंबांखेरीज इतर सर्वांनी घेतला.

अलीकडे या स्थितीत थोडा पालट झाला आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध दूर केले. २०२२ मध्ये मोहफुले व काजूबोंडे यांपासून केलेल्या मद्याला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचा निर्णय झाला. ज्याच्याइतके देशी मद्य या भूमीत दुसरे नसेल, त्याला प्रतिष्ठेसाठी ‘विदेशी’ व्हावे लागावे, ही विसंगती क्षणभर बाजूला ठेवू. परंतु या निर्णयांच्या निमित्ताने जी चर्चा झाली ती परवाना, महसूल आणि नीती या तीन शब्दांभोवतीच फिरली. चौथा शब्द कोणी उच्चारला नाही. तो म्हणजे माप. वस्तुतः पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या चौथ्यावर अवलंबून आहेत.

काटा काय सांगतो?

दुधात पाणी किती हे पाहण्याचा लॅक्टोमीटर बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्याच जातीचे, काचेच्या नळीचे आणि तळाशी वजन असलेले साधन म्हणजे हायड्रोमीटर, अर्थात तरणकाटा. द्रव जड असेल तर काटा वर तरंगतो, हलका असेल तर खोल बुडतो. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरले, तर पाण्यात साखर विरघळताच हा आकडा वाढतो. आंबण्याची क्रिया सुरू झाली की साखरेचे मद्यार्क आणि वायू होतात, वायू उडून जातो व द्रव हलका होत जातो. बिअर करणारा म्हणूनच दोनदा काटा बुडवतो : एकदा आंबवण घालण्यापूर्वी आणि एकदा आंबणे संपल्यावर. पहिला आकडा १.०५० आणि दुसरा १.०१० आला, तर मधल्या चाळीस अंशांच्या घसरणीवरून सुमारे सव्वापाच टक्के मद्यार्क तयार झाला असा हिशेब निघतो. दोन-तीन दिवस आकडा जागचा हलला नाही, तर क्रिया पूर्ण झाली असे समजावे.

ज्याने कधी रोजकीर्द लिहिली आहे, त्याला यात नवे काही वाटणार नाही. आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक आणि मधला व्यवहार, एवढेच हे गणित आहे. आरंभीची शिल्लक नोंदवायची राहिली तर अखेरच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कारण मद्यार्क द्रवाला हलका करतो आणि उरलेली साखर त्याला जड करते. दोघांची बेरीज-वजाबाकी एका आकड्यात लपून जाते.

मोहाच्या मडक्याला हाच न्याय लागू पडतो. मात्र त्यात एक अडचण आहे. वाळलेल्या फुलातील साखर पाण्यात हळूहळू उतरते. म्हणून फुले कुस्करून, भिजवून, रस गाळून घेतल्याखेरीज पहिला आकडा खरा येत नाही. काट्याला चिकटलेले बुडबुडे त्याला उचलून धरतात, तेव्हा तो हलकेच फिरवून ते झटकावे लागतात. द्रव गरम असेल तर आकडा कमी दिसतो. एवढी काळजी घेतली तर लाभ उघड आहे. उदाहरणादाखल, पहिला आकडा १.०७० असलेला रस १.००५ पर्यंत उतरू शकत असताना १.०३० वरच भट्टीवर चढवला, तर आंबण्याजोग्या साखरेपैकी सुमारे ३८ टक्के साखर वाया जाते. त्या साखरेमागची पहाटेची वेचणी आणि भट्टीखालचे सरपणही तिच्याबरोबर वाया जाते.

याचा अर्थ मोखाड्याच्या पाड्यावरील बाईला मोह कळत नाही असा मुळीच नव्हे. मडक्याला कान लावून बुडबुड्यांचा आवाज मंदावल्याचे ती ओळखते, गोडी सरल्याचे जिभेने जाणते, धार जाळून तिचे तेज पाहते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग अशाच परीक्षेतून मराठीत रूढ झाला. परंतु जिभेची साक्ष बाजारात चालत नाही. तिची नोंद होत नाही, तिच्यावर किंमत ठरत नाही आणि चौकशीच्या वेळी ती पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

सरकारी काटा

हा काटा घरगुती सोयीसाठी वाढला नाही. करवसुलीचे साधन म्हणून त्याला महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रिटिश सरकारने साइक्सचा हायड्रोमीटर मद्यार्कावरील कराचे अधिकृत माप म्हणून स्वीकारला. त्याच परंपरेतील ‘प्रूफ’ हे परिमाण आपल्या अबकारी खात्यात आले आणि महाराष्ट्रातील देशी दारूच्या बाटलीवरील ‘२५ यू. पी.’ या अक्षरांत ते टिकून आहे. ४२.८ टक्के मद्यार्क, एवढाच त्या गूढ अक्षरांचा अर्थ. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून बिअरवरील कर आंबण्यापूर्वीच्या विशिष्ट गुरुत्वाशी जोडला. घरी बिअर करणाऱ्यालाही त्यामुळे परवान्याच्या चौकटीत यावे लागले. तो परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक मिळाली. जो काटा करनिरीक्षकाच्या खिशात होता, तो तेथे आता सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात आला आहे.

त्याच ब्रिटिश सत्तेने ठाणे जिल्ह्यात मात्र वेगळा मार्ग धरला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्यांऐवजी मद्यनिर्मिती मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटण्याचे धोरण आले. तेथे सरकारी काटा पोहोचू शकत होता. डोंगरातल्या मडक्यापर्यंत तो पोहोचत नव्हता. तेव्हा १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध घालण्यात आले. मोजता येते त्यावर कर घ्यावा आणि मोजता येत नाही ते बंद करावे, हा या धोरणाचा मथितार्थ होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागील हेतू महसुलाचा नव्हता, नीतीचा होता. परंतु मोहफूल कायद्याच्या कचाट्यात राहिले ते राहिलेच. फुलांवरील निर्बंध उठल्यानंतरही परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे. हातभट्टीवर छापा पडला की अमुक लिटर ‘रसायन’ नष्ट केल्याची बातमी येते. त्या रसायनात साखर किती, मद्यार्क किती, अपायकारक असे काही होते की नव्हते, याविषयी त्या बातमीत एक अक्षर नसते.

काटामारीचा धडा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मापाचा अभाव ही किरकोळ बाब नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेला सिद्धांत सर्वश्रुत आहे : मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत देतो; चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो आणि वाईट तेवढा उरतो. मोहाच्या बाजारात हेच घडते. निगुतीने आंबवलेला रस आणि नवसागर घालून घाईने उरकलेला रस एकाच भावाने विकले जात असतील, तर निगा राखण्याचे कारण उरत नाही.

यावर उपाय काय, हे महाराष्ट्राला शिकवण्याची गरज नाही. सहकारी दूधसंस्थांत दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो. साखर कारखान्यात उसाच्या दराचा संबंध साखर उताऱ्याशी असतो. परंतु याच महाराष्ट्राने ‘काटामारी’ हा शब्दही घडवला आहे. माप आले म्हणजे न्याय आला असे नव्हे. काटा कोणाच्या हाती आणि कोणाच्या डोळ्यांसमोर, यावर न्याय अवलंबून असतो. साखरेच्या मळीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्याकडे प्रयोगशाळा असते, परवाना असतो आणि सरकारदरबारी वजनही असते. मोहाचे मद्य प्रतिष्ठित करण्याच्या नावाखाली फुले गोळा करणारे हात पाड्यावर आणि काटा शहरातल्या कारखान्यात अशी विभागणी झाली, तर आदिवासी कुटुंब केवळ कच्चा माल पुरवणारे ठरेल. बंदीच्या काळात ते आरोपी होते, मुक्ततेच्या काळात ते मजूर होईल.

काट्याला न दिसणारे

येथे दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला सुरक्षिततेचा. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने जे बळी घेतले, ते विसरता येण्यासारखे नाहीत. एकट्या मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. तेथील विष मिथेनॉल होते. ते मद्यार्कात मिसळले तर हायड्रोमीटर ते दाखवू शकत नाही, कारण दोहोंची घनता जवळजवळ सारखीच असते. तेव्हा काटा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. पण मालवणीचे मिथेनॉल मोहाच्या फुलातून आले नव्हते, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. लपूनछपून चालणाऱ्या धंद्यात बाटलीत काय आहे हे विचारण्याची सोय नसते आणि नमुना प्रयोगशाळेत नेण्याचे धैर्य कोणी करत नाही. विषाला वाव मिळतो तो अशा अंधारात.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ज्या जव्हार तालुक्याचे नाव देशभर झाले, तेथे दारूच्या अर्थकारणाची भाषा करावीच का? घरातला पैसा गुत्त्यावर गेला की पहिली झळ बाईला आणि मुलांना लागते, हे सत्य नाकारण्याचे कारण नाही. ‘आडवी बाटली’ म्हणून मतदान करणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांनी ते पुस्तकात वाचलेले नाही. किंबहुना म्हणूनच मापाची आवश्यकता आहे. गावात किती फूल आले, त्यातले किती खाण्यासाठी ठेवले, किती विकले आणि किती मडक्यात गेले, हे ज्या गावाला ठाऊक नाही ते गाव बंदीचा निर्णयही डोळसपणे घेऊ शकत नाही. शिवाय काटा दारूचा पक्षपाती नाही. मोहाचा पाक वा सरबत करणाऱ्या बचत गटालाही साखरेचे प्रमाण तोच काटा सांगतो. एखाद्या ग्रामसभेने दारू नको असे ठरवले, तरी तो निरुपयोगी होत नाही.

ग्रामसभेची नोंदवही

कायद्याचा आधार शोधावयास दूर जावे लागत नाही. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी तसेच मादक पदार्थांच्या विक्रीचे व सेवनाचे नियमन अथवा बंदी, हे दोन्ही विषय ग्रामसभेच्या कक्षेत आणले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपजावरील हक्काला बळकटी दिली. अधिकार कागदावर आहे, तो बजावण्याचे साधन तेवढे नाही.

ते साधन फार महाग नाही. काचेचा काटा, उंच मोजपात्र, तापमापक आणि एक नोंदवही एवढ्याने आरंभ होऊ शकतो. ज्या ग्रामसभा मोहाच्या मद्याला अनुमती देऊ इच्छितात, तेथे लहान उत्पादक गटांना सुलभ परवाना द्यावा. प्रत्येक मडक्याचे पहिले व अखेरचे गुरुत्व गटाने स्वतः वाचून चारचौघांसमोर नोंदवावे. उत्पादन शुल्क अधिकाऱ्याने तोच आकडा पडताळावा. स्वतःचा निराळा काटा आणून वेगळा आकडा सांगू नये. मिथेनॉलसाठी नमुन्यांची शासकीय प्रयोगशाळेत विनाशुल्क तपासणी व्हावी. भाव मद्यार्काच्या प्रमाणावर आणि तपासणीच्या निष्कर्षावर ठरावा. परिसरातील विद्यालये आणि महाविद्यालये यांच्या विज्ञान शिक्षकांनी मनावर घेतले, तर काटा वाचण्याचे शिक्षण एका दुपारचे काम आहे. ज्या मुलाने प्रयोगशाळेत विशिष्ट गुरुत्वाची व्याख्या केवळ गुणांसाठी पाठ केली, त्याला ती आपल्या आजीच्या मडक्यात प्रत्यक्ष दिसेल.

परवाना दिल्याने अथवा नाकारल्याने मोह गळायचा थांबणार नाही. येत्या चैत्रातही पहाटे टोपल्या भरतील आणि मडकी भिजत पडतील. त्यांत काय चालले आहे याचा आकडा आजवर एक तर कोणालाच ठाऊक नव्हता, किंवा छापा घालणाऱ्याने तो अंदाजाने लिहिला. तो आकडा ज्यांची मडकी आहेत त्यांनी स्वतः वाचावा, स्वतः लिहावा आणि त्यावरून स्वतःचा निर्णय घ्यावा. मोहफुलांवरील निर्बंध उठवल्याचे श्रेय शासनाला घ्यावयाचे असेल, तर एवढे काम अजून शिल्लक आहे.