फेरारीचा भाव आणि बीडचे ठेवीदार

न्यूयॉर्क येथे 13 नोव्हेंबर 2023 रोजी 1962 सालची एक फेरारी मोटार लिलावात 5 कोटी 17 लाख डॉलरांना, म्हणजे सुमारे 430 कोटी रुपयांना विकली गेली. ही शर्यतीची गाडी 250 जीटीओ मालिकेतली, आणि त्या मालिकेत जेमतेम तीन डझन गाड्या बनल्या. दुर्मीळ पुतळे, चित्रे यांचे मूल्य त्यांत ओतलेल्या श्रमावर ठरत नाही, ती हवी असणाऱ्यांच्या संपत्तीवर व हौसेवर ठरते, असे रिकार्डोने 1817 सालीच नोंदविले होते. श्रमाला काय भाव मिळतो हे पाहावयाचे तर बीडच्या ऊसतोड कामगारांकडे जावे. जानेवारी 2024 च्या करारात त्यांच्या पदरी टनामागे 366 रुपये पडले. या दराने 430 कोटी मिळवावयाचे तर एक कोटी सतरा लाख टन ऊस तोडावा लागेल!

परंतु या विषमतेवर नुसते हळहळून बीडकरांचा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो जप्तीचा लिलाव, आणि त्याचे अर्थशास्त्र अगदी उलटे आहे. तेथे विकणारा अडलेला असतो, घेणारा ते ओळखून असतो आणि वस्तू दिवसागणिक उतरत असते. पंजाब नॅशनल बँकेतील सुमारे 13 हजार कोटींचा घोटाळा 2018 साली उघडकीस आल्यावर नीरव मोदी व मेहुल चोक्सी यांच्या 13 आलिशान गाड्या एप्रिल 2019 मध्ये लिलावास निघाल्या. त्यांत रोल्स-रॉईस घोस्ट होती, वेगासाठी नावाजलेली पोर्शे पॅनामेराही होती. एकूण बोली झाली सव्वातीन कोटींच्या आसपास. ही तर त्यातल्या त्यात लवकर झालेली विक्री. एरवी जप्त मोटार पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात उभी राहते. टायर बसतात, बॅटरी मरते, आणि परदेशी गाडी असली तर तिचे सुटे भाग मिळणेही दुरापास्त होते. अशी वाहने दीर्घकाळ ठाण्यात कुजू देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात 2002 सालीच बजावले आहे.

बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेचे व्यवहार 2023 मध्ये कोलमडले आणि लाखो ठेवीदारांचा पैसा अडकला. चढ्या व्याजाला ते भुलले, असे शहाणपण सांगणारे पुष्कळ भेटतात. गावात राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा किती कोसांवर आहे, हे मात्र त्यांतला कोणी विचारीत नाही. या प्रकरणात जमिनी, इमारती व यंत्रसामग्री यांवर टाच आली. जमीन टिकते, बंद कारखान्यातले यंत्र मोटारीसारखेच गंजते. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा सक्षम प्राधिकारी नेमण्याची व विशेष न्यायालयाच्या आदेशाने मालमत्ता विकून पैसे वाटण्याची तरतूद करतो. त्यात केंद्रीय यंत्रणेची वेगळी जप्ती त्याच मालमत्तेवर आली की दोन कार्यालयांतील पत्रव्यवहाराचा खर्चही अखेर ठेवीदाराच्याच हिश्शातून जातो.

तेव्हा मागणी नेमकी हवी. नाशिवंत व झिजणाऱ्या वस्तू खटल्याच्या निकालाची वाट न पाहता विकाव्यात व रक्कम न्यायालयाच्या ताब्यात व्याजी ठेवावी. आरोपी निर्दोष ठरला तर ती त्याला व्याजासह परत मिळेल, म्हणजे त्याचेही नुकसान नाही. जप्त मालमत्तेची यादी, मूल्यांकनाची तारीख व किमान बोली प्रत्येक तहसील कचेरीच्या फलकावर मराठीत लावावी, आणि बोली उघडताना ठेवीदारांचे प्रतिनिधी हजर असावेत. तालुका शाखांनी त्यासाठी ठेवीदारांच्या पावत्यांच्या नकला गोळा करण्याचे काम आताच हाती घ्यावे.