गेमिंग लॅपटॉप अडखळतो तेव्हा

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरात पहिली मागणी लॅपटॉपची होते, आणि मुलांची पसंती गेमिंग लॅपटॉपलाच असते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. ऑटोकॅड, ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतंच. मग अब्बा साठ-सत्तर हजारांचं यंत्र हप्त्यांवर घेऊन देतात. वर्ष-दीड वर्ष जातं, हप्ते अजून चालूच असतात आणि एक दिवस मुलगा सांगतो, "अब्बा, हा आता चालत नाही. गेम अडकतो. एक्स्चेंजमध्ये देऊन दुसरा घ्यावा लागेल."

इथे घरात दोन तट पडतात. अब्बांना वाटतं, दुकानदाराने फसवलं. अम्मी म्हणतात, "बरं झालं अडकतो ते, आता तरी अभ्यास करशील." अम्मींची भावना मला कळते, मीही शिक्षिका आहे आणि आईही. किती वेळ खेळायचं, हे प्रत्येक घराने ठरवावं. पण ज्या कारणाने गेम अडकतो, त्याच कारणाने उद्या कॉलेजचा प्रोजेक्टही अडकेल. म्हणून कारण शोधलेलं बरं, आणि तेही पैसे खर्च करण्याआधी.

डॉक्टर विचारतात ना, "ताप कधी चढतो?" तसं मुलाला विचारा, "गेम नेमका कधी अडकतो?" सुरू केल्यापासूनच मंद असतो, की दहा-पंधरा मिनिटं छान चालून मग मंदावतो? की मध्येच झटके बसतात? या उत्तरावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

सुरुवातीला छान आणि नंतर मंद, असं असेल तर ती बहुतेक गरमीची तक्रार असते. वापरलेल्या लॅपटॉपमध्ये मला हीच सर्वांत जास्त दिसते. प्रोसेसरला स्वतःचं तापमान कळतं. ते ९५ ते १०० अंशांपर्यंत गेलं की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. ग्राफिक्स चिपही तेच करते, तिची मर्यादा थोडी अलीकडे असते. म्हणजे हा बिघाड नसून बचाव असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं. प्रोसेसरचं पाहायचं तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम आहे.

गरमी साचते का? बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि मागून किंवा बाजूने बाहेर टाकतात. आपली मुलं तो गादीवर, उशीवर, थंडीत तर रजईवर ठेवून खेळतात. खालच्या जाळ्या बंद, म्हणजे श्वासच बंद. साधं टेबल आणि मागच्या बाजूला इंचभर उंची देणारा एखादा लाकडी तुकडा, एवढ्यानेही तापमान काही अंश उतरतं. हजार रुपयांचा कूलिंग पॅड याहून फार काही जादू करत नाही, असं माझं मत आहे. मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. मे महिन्यात खोलीत चाळीस अंश असतील तर पंखा चाळीस अंशांचीच हवा आत ओढणार. त्या दिवसांत दुपारचा गेम मंदच चालेल. संध्याकाळी खेळा.

मग धूळ. पंख्यासमोर तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या असतात. वर्षभरात त्यांच्यावर कापसासारखा थर बसतो. रस्त्याकडेच्या घरात तर सहा महिन्यांतच. ब्लोअरने साफ करता येतं, मात्र हवा मारताना पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. आणि लॅपटॉप पूर्ण बंद असू द्या. चिप आणि पट्ट्यांच्या मध्ये थर्मल पेस्ट असते. ती काही वर्षांत सुकते. पेस्ट बदलणं हे माहितगाराचं काम आहे, पण नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ असतो. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

आता दुसरा प्रकार, सुरू केल्यापासूनच मंद. इथे आधी चार्जर पाहावा. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकद लावतच नाही. बॅटरीवर असताना चित्रांचा वेग मुद्दाम सेकंदाला ३० वर रोखण्याची सोयही काहींत चालू असते. आणि चार्जर लावलेला असला तरी तो कोणता? त्याच्या स्टिकरवर आउटपुट लिहिलेलं असतं. मुलाला गुणाकार करायला सांगा. २० व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे १८० वॉट. मूळ चार्जर बिघडल्यावर कुणीतरी टाइप-सीचा २० व्होल्ट, ३.२५ अँपिअरचा आणून दिलेला असतो. तो झाला ६५ वॉट. चार जणांच्या घरात दीड भाकरी! बॅटरी चार्ज होते म्हणून कुणाला शंका येत नाही, गेम मात्र रांगत राहतो.

चार्जर बरोबर असेल तर ग्राफिक्सकडे वळा. या लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमधलं साधं, दुसरं वेगळं आणि ताकदीचं. पैसे दुसऱ्याचे दिलेले असतात आणि विंडोज कधी कधी गेम पहिल्यावरच चालवतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स अशा क्रमाने जा, यादीतला गेम निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही सायलेंट, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे मोड असतात. रात्री आवाज नको म्हणून सायलेंटवर ठेवलेला लॅपटॉप तसाच महिनोन्‌महिने राहून जातो.

शेजारच्या मुलाशी तुलना करणाऱ्यांसाठी इथेच सांगते. "त्याच्याकडेही आरटीएक्स ३०६० आहे, मग त्याचा का पळतो?" कारण लॅपटॉपमधलं हे कार्ड ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही ताकदीचं बसवता येतं, आणि तो आकडा बनवणारी कंपनी ठरवते. नाव एकच, पगार वेगळा. पातळ लॅपटॉपला कमी वॉट मिळतात. नवा घ्यायचा असेल तर दुकानात हा आकडा जरूर विचारा.

मध्येच झटके बसत असतील तर मागे काय चालू आहे ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. गेम बंद असतानाही पंखा घोंघावत असेल आणि प्रोसेसर कामात दिसत असेल, तर मुलाला प्रेमाने विचारा, "हा गेम कुठून उतरवलास?" २०२१ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा प्रकार उघड केला होता. जीटीए ५ सारख्या गेमच्या फुकट, चोरीच्या प्रतींमधून तो दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला होता. तो विंडोजची सुरक्षा बंद करून मालकाच्या विजेवर गुपचूप आभासी चलन कमावत होता. वीजबिल अब्बा भरणार आणि कमाई कुणा अनोळखी माणसाची! अशा वेळी महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्या काढून विंडोज नव्याने टाकणंच बरं. 'गेम बूस्टर' नावाच्या ॲप्सनाही हात लावू नका.

व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन गेममध्ये चित्र सुरळीत आहे पण समोरचा खेळाडू उड्या मारतोय, तर दोष इंटरनेटचा. राउटरपासून वायर ओढा.

पैसे खर्चायचेच तर कुठे? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली 'स्लॉट्स युज्ड' समोर दोनपैकी एक असं दिसत असेल तर दुसरी जागा रिकामी आहे. पुष्कळ लॅपटॉप ८ जीबीची एकच रॅम लावून विकले जातात. जोडीची दुसरी बसवली की मेमरी दुप्पट होते, शिवाय प्रोसेसरकडे माहिती एकाऐवजी दोन वाटांनी जाते, आणि झटके बऱ्याचदा तिथेच थांबतात. दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्या. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही, आणि दुकानातून परत आलेला मुलगा पुन्हा बसचं भाडं मागतो.