पक्षी टिपताना

'टिपणे' हे क्रियापद मराठीत मोठे सोयीचे आहे. पक्षी दाणे टिपतो, शिकारी पक्षी टिपतो आणि छायाचित्रकारही पक्षीच टिपतो. कन्नड विभागातले आमचे मित्र कॅमेऱ्यात पक्षी 'सेरे हिडिदे' म्हणतात. म्हणजे सरळ कैदच केला! ही नुसती शब्दांची गंमत आहे का, हे पाहायचे तर भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाकडे पाहावे.

युरोपातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांची हे बेट म्हणजे धर्मशाळा. हिवाळ्यात लार्नाकाच्या खाऱ्या तळ्यावर रोहित उतरतात. लांब लेन्स घेतलेले प्रवासी सुटी काढून ते टिपायला येतात. याच बेटावर ब्लॅककॅप हा वीसेक ग्रॅमचा पक्षी जाळ्यांत आणि चिकट काड्यांवर धरून चोरून विकला जातो. 'अम्बेलोपूलिया' म्हणून तो अख्खाच्या अख्खा ताटात येतो. काड्यांना लावायचा चीक भोकराच्या फळांचा. होय, आपण लोणचे घालतो त्याच भोकराच्या जातकुळीतले झाड! चिकाला निवड कळत नाही, जो बसेल तो अडकतो.

यावर १९७४ पासून बंदी आहे. पण २०२० मध्ये थोडे पक्षी धरणाऱ्यांचा दंड कमी केला गेला. आम्हा वाणिज्यवाल्यांना एवढे तरी कळते, की दंड नफ्याहून लहान झाला की तो धंद्याच्या खर्चात जमा होतो.

प्रवाशांच्या पैशाने जिवंत पक्ष्याला किंमत येते, हे मला मान्य आहे. पण मग ज्या खाणावळीत ती थाळी मिळते, तिथून त्यांनी उठून जायला हवे.

आणि दुसरी गोष्ट. पक्षी धरणारे रात्री ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांना खाली उतरवतात. काही छायाचित्रकारही मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर आणतात! मारणे आणि फोटो काढणे मी एका मापाने मोजत नाही. पण फसवणूक तीच. आपल्या हद्दीत परका नर आला असे समजून तो बिचारा चारा सोडून, पिले सोडून धावत येतो. एका चांगल्या फोटोसाठी हे चालते असे मला वाटत नाही.

चित्राखाली लेन्स कोणती, वेग किती, सारे हौसेने छापतात. पक्षी आपणहून आला की आवाज लावून बोलावला, तेही एका ओळीत छापा.