गोळी आठला, ताट दहाला

निवृत्ती असो, मुलाची नोकरी असो की लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, हल्ली आनंद साजरा करायचा म्हणजे हॉटेलात जेवायला जायचे, असे ठरूनच गेले आहे. माझा त्याला विरोध नाही. मीही आवडीने जातो. तक्रार आहे ती उशिरा येणाऱ्या ताटाबद्दल, आणि तीही मुख्यतः मधुमेही मंडळींच्या वतीने.

गेल्या महिन्यात एका मित्राच्या सेवानिवृत्तीनिमित्त आम्ही जुने सवंगडी सहकुटुंब जमलो. हमरस्त्यावरचे नवे, झगमगीत हॉटेल. साडेआठला ऑर्डर दिली. नऊला कोमट सूप आले, मग पापड, आणि मग पाऊण तास नुसते "दोन मिनिटांत आणतो, साहेब!" शेवटी आली ती रोटी चिवट, पनीर रबरासारखे, भात गार. बिल तेवढे वेळेवर आले.

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण जेवण येण्यापूर्वीच सत्कारमूर्ती एकाएकी वेटरवर ओरडू लागला. उभ्या आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस! "अहो, एवढं काय चिडताय?" म्हणून वहिनी ओशाळल्या. मला मात्र एसीच्या गारव्यातही त्याच्या कपाळावर डवरलेला घाम आणि थरथरणारा हात दिसला. घरून निघताना, आठ वाजता, त्याने नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतले होते. एकाने काळजीपोटी त्याच्यासाठी 'डाएट' कोल्ड्रिंक मागवले. मधुमेह आहे ना, म्हणून! त्यात साखर नसतेच. मी काउंटरवरून साखर आणवली आणि चार चमचे पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत स्वारी भानावर आली.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक लागते. मेंदूला साखर कमी पडली की चिडचिड आणि असंबद्ध बोलणे सुरू होते. पार्टीत लोकांना वाटते, चढली असेल! अशा वेळी ग्लुकोमीटर शोधत बसू नये, आधी साखर द्यावी. पनीर टिक्का किंवा तळलेले पदार्थ उपयोगाचे नाहीत. त्यांत पिष्ट कमी, आणि तुपातेलामुळे तेही सावकाश पचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

आम्ही डॉक्टर "जेवणाआधी अर्धा तास" असे चिठ्ठीवर लिहितो. घरी ते जमते, कारण कुकरची शिट्टी ऐकू येते. हॉटेलात जेवण कधी येईल हे आचाऱ्यालाच ठाऊक! म्हणून बाहेर जाताना इन्सुलिनचे पेन बरोबर न्यावे, आणि बाहेरच्या जेवणाला औषध नेमके केव्हा घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. चारचौघांत सुई टोचायची लाज वाटते म्हणून घरूनच घेऊन येणारे कितीतरी जण मी पाहतो. खिशातून चष्मा काढताना वाटते का लाज? केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारसा नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना आहे.

हॉटेलवाल्यांनीही पाऊण तास लागणार असेल तर तसे स्पष्ट सांगावे. आजारी गिऱ्हाईकाने मागितली तर एखादी साधी चपाती आधी आणून द्यायला काय हरकत आहे? यजमानांनी भाषणे आणि फोटो जेवणानंतर ठेवावेत.

आणखी एक. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांची साखर उतरली तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. मद्य घेतले असेल तर यकृतातून साखर सुटणे मंदावते आणि घरी परतल्यावर, मध्यरात्रीनंतरही ती उतरू शकते. अशा रात्री पोटभर जेवल्याशिवाय झोपू नये, आणि घरात कुणाला तरी तशी कल्पना देऊन ठेवावी.