पोपटपंचीचा आरोप

'पाणी हवे का?' असे विचारले असता जे स्वमग्न मूल 'पाणी हवे का?' एवढेच उच्चारते, त्याचे बोलणे निव्वळ पोपटपंची असून ती खोड वेळीच मोडली पाहिजे, असा निकाल आपल्याकडे विद्वानांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सर्वजण बिनदिक्कत देऊन मोकळे होतात. माझी तक्रार एवढीच, की या खटल्यात आरोपीची जबानीच झालेली नाही.

माझ्या परिचयातील एक सहा वर्षांचा स्वमग्न मुलगा कोणाकडे गेला, की अर्ध्या तासाने लोकलमधल्या बाईंच्या हुबेहूब सुरात 'पुढील स्टेशन, दादर' अशी घोषणा करतो. यजमान हसतात, आई मुकाट्याने पिशवी उचलते, कारण त्यांचे बिऱ्हाड दादरला आहे. मग तो दारात उभा राहून 'मी येते हं' म्हणतो. 'येतो' नव्हे, 'येते'. कारण निरोपाचे ते वाक्य त्याने आईच्या तोंडून जसेच्या तसे, लिंगवचनासकट उचलले आहे. व्याकरण चुकले खरे, पण प्रसंग चुकला काय?

ही गोष्ट नवी नाही. बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन केले, त्यांपैकी आठ बोलत असत, आणि त्यांच्याही बोलण्यात असे पुनरुच्चार होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनीच एका मुलाची हकीकत नमूद केली: आई 'पीटर, पीटर, पम्पकिन ईटर' हे बालगीत म्हणत असता तिच्या हातून भांडे पडले, आणि तेव्हापासून तसले भांडे दिसताच तो 'पीटर ईटर' म्हणू लागला. परक्याला हा प्रलाप वाटणारच. कोशाची किल्ली स्वयंपाकघरात होती.

प्रत्येक प्रतिध्वनीत अर्थ दडलेला असतो, असा माझा दावा मुळीच नाही. प्रिझंट आणि ड्यूकन या संशोधकांनी १९८१ साली चार स्वमग्न मुलांच्या, 'पाणी हवे का?'सारख्या तत्काळ पुनरुच्चारांची छाननी करून सात प्रकार लावले, त्यांतही एक निर्हेतुक उद्गारांचा होता. परंतु उरलेल्यांत मागणी होती, होकार होता, संभाषणातली आपली पाळी राखणे होते, स्वतःलाच सावरणेही होते. एकासाठी साऱ्यांना मुसक्या बांधणे हा कोठला न्याय?

तेव्हा पालकांनी पेला पुढे करताना प्रश्न न विचारता मुलाच्या बाजूचे वाक्य, 'मला पाणी हवे', म्हणून पाहावे. आणि शिक्षकांनी मुलाला गप्प बसवण्याआधी, हे वाक्य त्याने प्रथम कोठे ऐकले, एवढे त्याच्या आईला विचारावे.