मोळी टाकण्याआधीची दुरुस्ती

सोनईत मुळा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की मोळी टाकतानाचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला दिसतात. त्याआधी पावसाळाभर रोलर, पंप, बॉयलरच्या नळ्या खोलून दुरुस्त करणाऱ्या फिटरचा फोटो कुणी टाकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचंही हेच आहे.

९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३ म्हणजे ‘ट्रिक्सी’ आली. पॅकेजेस ६९,८३०. यातल्या प्रत्येकामागे कुणीतरी बसलेलं आहे: कोड आणायचा, फायलींचे परवाने तपासायचे, हे पॅकेज कशाकशावर अवलंबून आहे ते लिहायचं, कोऱ्या मशीनवर बांधून पाहायचं. मग फ्रीझ. नव्या आवृत्त्या बंद, फक्त दुरुस्त्या आत. गंभीर बग सुटला नाही तर पॅकेज रिलीजमधून बाहेर. बहुतेक जण हे काम स्वेच्छेने करतात.

आणि आपण? ‘ओपन सोर्स म्हणजे फुकट’, इथेच आपली समज संपते. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकायचं आणि शेवटी तयार प्रोजेक्ट विकत घेऊन, वरचं नाव बदलून जमा करायचा. देणारा, घेणारा, तपासणारा, सगळ्यांना ठाऊक असतं. याला शिक्षण म्हणायची लाज कशी वाटत नाही?

‘फुकटात राबून पोट भरतं का?’ हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपन्या या कामावर गबर होतात, हा रागही रास्त आहे. पण हात काढून घेतले की काय होतं, ते मार्च २०२४मध्ये दिसलं. एक्सझेड हे जगभर वापरलं जाणारं छोटं सॉफ्टवेअर एक थकलेला माणूस सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्याने त्याचा विश्वास कमावला आणि आत चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने खोदून पाहिलं म्हणून ती सापडली. तोवर ती डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत पोचली होती, स्टेबल वाचलं. पाहणारे डोळे कमी पडले, एवढीच ती गोष्ट.

आता मराठीचं पाहा. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, ‘ऱ्या’ची तऱ्हाच निराळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आणि रेड हॅटने खुला केलेला लोहित फॉन्टसुद्धा पॅकेज झाल्याशिवाय कुणाच्या मशीनवर आपोआप उगवत नाही. त्यात अक्षर मोडलं तर बग कोण नोंदवणार? जर्मनीतल्या मेंटेनरला ते मोडलेलं दिसणारसुद्धा नाही. ते मराठी डोळ्यालाच दिसेल.

म्हणून मागणी साधी आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक बेवारस पॅकेज दत्तक घेऊ द्या. डेबियनकडे अशा पॅकेजेसची उघडी यादी आहे. काम चव्हाट्यावर होतं, प्रत्येक बदलाखाली नाव आणि तारीख असते. विकत आणलेलं तिथे खपत नाही. अनोळखी माणसं चुका दाखवतील, पॅच परत पाठवतील. तेच शिक्षण.

साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. पुढच्या फ्रीझआधी नेवासा तालुक्यातलं एक तरी नाव चेंजलॉगमध्ये दिसायला काय हरकत आहे?